फेकलेल्या चेंडूच्या वाटेत

सटाण्याच्या स्टँडवर नाशिकची एसटी लागली तेव्हा आई बसच्या दारातच उभी राहून रडत होती, आणि वडील तिला "लोकांना चढू दे की" म्हणत बाजूला ओढत होते. माझी बारावी झाली होती. नाशिक रोडच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता आणि राहायचं होतं आईच्या धाकट्या बहिणीकडे. मांडीवर डाळिंबांची पिशवी घेऊन मी खिडकीशी बसले. बस सुरू झाली तशी आई खिडकीला हात लावून चालू लागली आणि म्हणाली, "नीट ऱ्हाय. कोणना पायमा येऊ नको, वं माय." कोणाच्या पायात येऊ नकोस, एवढंच. मुलीला परगावी पाठवताना बायका बरंच काही सांगतात, माझ्या आईला हे एकच सुचलं.

मी ते इतकं मनावर घेतलं की विचारू नका. मावशीच्या घरात दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मावशी, काका, त्यांची लहानगी पूजा आणि आता मी. सगळ्यांच्या आंघोळी झाल्यावर मी आंघोळ करायची. काका पेपर वाचायला बसले की मी स्वयंपाकघरात, मावशी स्वयंपाकघरात आली की मी गॅलरीत. कोणी समोरून आलं की भिंतीला चिकटून वाट द्यायची. शेवटी एकदा मावशी वैतागून म्हणाली, "अगं, माणूस आहेस का पाल? सारखी भिंतीला काय लागतेस?" तिची बोली लग्नानंतर पार शहरी झाली होती. आईशी फोनवर बोलतानाच काय ते आमच्या अहिराणीतलं "शे" बाहेर पडायचं. मी हसले, पण भिंत काही सोडली नाही. तुमच्यातले जे कोणी असे नातेवाइकांकडे राहून शिकले, त्यांना वेगळं सांगायला नको. कोणी वाईट वागत नाही, तरी महिनोन्महिने आपला ब्रश पिशवीतच राहतो.

कॉलेजात मुलींचा बेसबॉलचा संघ होता आणि त्यांना पळणारी पोर हवी होती. खेळ मला ठाऊक नव्हता, पळणं ठाऊक होतं. पहिल्याच सामन्यात मी दुसऱ्या बेसकडे पळत असताना मागून आलेला थ्रो दाणकन पाठीत बसला. मी थांबले, पाठ चोळली आणि गुपचूप मैदानाबाहेर चालू लागले. सर ओरडले, "कुठं चाललीस?" मी म्हटलं, "सर, लागला ना मला." गावात आम्ही लगोरी खेळायचो, आणि लगोरीत चेंडू लागला की खेळ संपला, बाहेर बसायचं. सर कपाळाला हात लावून म्हणाले, "लागला तर लागला! पळ!" तोवर अर्थातच बाद झाले होते. संघातल्या मुली पुढे वर्षभर मला लगोरी म्हणूनच हाक मारायच्या.

त्या दिवशी सरांनी समजावलेला नियम मी कधी विसरले नाही. बॅटने मारलेला चेंडू पळणारीला लागला तर बहुतेक वेळा ती बाद होते, तिच्या मनात काही असो वा नसो. फेकलेल्या चेंडूचं तसं नाही. क्षेत्ररक्षकाने फेकला आणि वाटेत तुम्ही होतात, तर तुमचा दोष नाही. चेंडू चालू राहतो, तुम्ही पळत राहायचं. फक्त मुद्दाम आडवं यायचं नाही. मुद्दाम आलात तर बाद. मला हे ऐकून इतकं बरं वाटलं की काय सांगू. वाटेत असणं हा गुन्हा नाही, असं मला तोपर्यंत कोणी सांगितलंच नव्हतं.

पुढे मी शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली, एका शाळेत लागले आणि पंचाची परीक्षाही दिली. परीक्षेआधी मी सरांना विचारलं होतं, "मुद्दाम की नकळत, हे मनातलं ओळखायचं कसं?" ते म्हणाले, "मनात शिरायचंच नाही. आधी डोळे बघ, मग खांदा, मग हात. समोर बघून पळतेय आणि लागला, तर सोडून दे. चेंडू बघितला आणि मग वाट बदलली किंवा हात काढला, तर बाद." पंचगिरी मला आवडली त्याचं खरं कारण मात्र वेगळंच होतं. पंचाची उभं राहायची जागा ठरलेली असते आणि तिथून त्याला कोणी सरक म्हणत नाही.

नोकरी लागल्यावर मी खोली बघते म्हटलं तर मावशी म्हणाली, "बघ की, आणि आईला काय सांगू, आम्ही हाकललं?" तेव्हा राहिले ती राहिलेच. पूजाला कॉलनीच्या मैदानावर मीच खेळायला शिकवलं. आता ती अकरावीत आहे आणि तिच्या संघात तिच्याइतकं वेगाने कोणी पळत नाही. यंदा जिल्ह्याच्या अंतिम सामन्याला मी मावशीबरोबर प्रेक्षक म्हणून गेले होते. ऐनवेळी होम प्लेटचे पंच तापाने आडवे झाले आणि आयोजकांनी मला त्यांच्या जागी उभं राहायला सांगितलं; मास्क-पॅडची सॅक सवयीने सोबत होतीच. मी आयोजकांना आणि दोन्ही प्रशिक्षकांना स्पष्ट सांगितलं, "पूजा माझी मावसबहीण आहे. मी तिच्या घरात राहते." समोरच्या संघाचे प्रशिक्षक म्हणाले, "राहू द्या मॅडम, आम्हाला चालेल." त्यांनी नाही म्हटलं असतं तर किती बरं झालं असतं.

शेवटचा डाव, दोन्ही संघ बरोबरीत, पूजा तिसऱ्या बेसवर. ती होमला पोहोचली की जिंकले, आणि जिंकले की विभागाच्या स्पर्धेला. चेंडू उजवीकडे टोलवला गेला, पूजा सुटली. क्षेत्ररक्षक मुलीने चेंडू उचलून होमवरच्या कॅचरकडे फेकला. थ्रो सरळ होता. पूजाने मान वळवून चेंडू बघितला. पाऊलभर आत सरकली. कोपर बाहेर काढलं. चेंडू कोपराला लागून कुंपणाकडे गडगडत गेला, ती प्लेटवर आली आणि तिच्या मैत्रिणी नाचायला लागल्या.

कोणी अपील केलं नाही. समोरच्या मुली मटकन खाली बसल्या होत्या. लागला बिचारीला, असंच सगळ्यांना वाटलं. मी गप्प राहिले असते तर जगात कोणालाच कळलं नसतं. माझ्या डोळ्यांपुढे काय काय आलं सांगू? मावशीने पाठीमागे कुंपणाशी धरलेला डबा, गॅलरीतला माझा पलंग, बाथरूममधला माझा ब्रश. पूजा हसत माझ्याकडे बघत होती, तिला वाटलं मी टाळी देईन. मी हात वर करून खेळ थांबवला आणि तिला बाद दिलं. धाव नाही. बाकीच्यांनी मागच्या बेसवर जायचं.

"ताई, चुकून लागला," ती म्हणाली.

"तू बघितलंस, पूजा."

ती हेल्मेट काढून मैदानाबाहेर चालू लागली. बरोबरी तशीच राहिली आणि जादा डावात त्यांचा संघ हरला.

सामना संपल्यावर मी मास्क आणि पॅड सॅकमध्ये भरायला नको तितका वेळ लावला. शाळेतल्या कोणत्या बाईंकडे आठ-दहा दिवस राहता येईल, याची मनातल्या मनात जुळवाजुळव चालली होती. पूजा पायरीवर पाठ करून बसली होती. तिच्या मैत्रिणीची आई मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "घरात ठेवून घ्या, खाऊपिऊ घाला, आणि हे फळ." मावशी तिच्या शेजारीच उभी होती. तिने त्या बाईला हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. सरळ माझ्यापुढे आली. चेहरा लाल झालेला. मी नकळत मागे सरले, पण मागे भिंतही नव्हती.

"पोरीचं वर्ष वाया घालवलंस," ती म्हणाली. मग एकदम, सगळ्या शहरी बायकांच्या देखत, माझ्या आईच्या बोलीत, "चाल घर. काय भांडनं शे ते घर भांडसूत." काय भांडायचं ते घरी भांडू, एवढंच. आणि माझ्या हातातली सॅक ओढून घेऊन चालायला लागली.

भांडण चांगलं तीन दिवस चाललं. पूजाने माझ्याशी अबोला धरला, काकांनी पेपरामागे तोंड लपवलं, मावशीने भांडी आपटली. आणि मी, आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात, स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहून मोठ्याने बोलले. मावशीला दोनदा म्हणावं लागलं, "अगं, बाजूला हो, दूध उतू जाईल." मी म्हटलं, "होते. आधी माझं ऐक."