किंचाळणारा पट्टा

गाडी तिची होती. मी बाजूला बसणारा. दर पंधरा दिवसांनी रविवारी ती साताऱ्याहून माण तालुक्यातल्या माहेरी जायची, एकट्या राहणाऱ्या आईला भेटायला, आणि मी मांडीवर पुस्तक घेऊन सोबत असायचो. ती गेली त्याला चार महिने झाले होते. या रविवारी मी गाडी घेऊन येतो, असं मी सासूबाईंना फोनवर सांगून बसलो. पण इंजिनाचा पट्टा झिजलेला होता. गाडी चालू केली की तो किंचाळायचा. ती असल्यापासूनच किंचाळत होता; बदलायचा म्हणून तिने नवा आणून वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत ठेवला होता.

तिचा धाकटा भाऊ लष्करात गाड्या दुरुस्त करून निवृत्त झालेला. सांगलीत असतो. हा पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो, घाटात तुटला तर इंजिन उकळेल, असं त्याने मला बजावलं आणि शनिवारी सकाळी एसटीने स्वतःच आला.

तो यायच्या आधी मी एक काम उरकून ठेवलं होतं. ग्रंथालयात नोकरी झालेली. कशालाही हात लावण्याआधी धूळ पुसायची सवय. बोनेट उघडून, हात पोचेल तिथपर्यंत सगळं ओल्या फडक्याने पुसून काढलं.

चहा झाल्यावर तो पालथ्या बादलीवर बसला. त्याच्या पाठीचं ऑपरेशन झालंय, वाकता येत नाही. "डोळं माझं, हात तुमचं," म्हणाला. मग एअर फिल्टरच्या गोल झाकणाकडे बघत राहिला.

"दाजी, हितं आक्काची बोटं व्हती."

खंडेनवमीला घरातले पाने, पकडी, शिलाई मशीन पुजून झालं की ती बोनेट उघडायची आणि त्या झाकणावर हळदीकुंकवाची पाच बोटं ओढायची. मागच्या खंडेनवमीलाही ओढली होती. फडकं माझ्या खांद्यावरच होतं. त्याचं एक टोक लालसर झालेलं मला आत्ता दिसलं.

"मी पुसली," एवढंच म्हणालो.

त्याने माझ्या खांद्यावरचं फडकं काढून घेतलं, लाल टोक आत जाईल अशी घडी घातली आणि स्वतःच्या पिशवीत ठेवलं. मग म्हणाला, "तीबी पुसायचीच की. दर वरसाला जुनी पुसून मगच नवी वडायची. घ्या, बारा नंबरचा पाना घ्या."

पट्टा ताणून धरणाऱ्या अल्टरनेटरचा बोल्ट काही केल्या हलेना. पुस्तकाचं पान उलटत नाही तुम्ही, जोर लावा, असं त्याने दोनदा ऐकवलं. बोल्ट सैल झाला तसा अल्टरनेटर आत ढकलला आणि जुना पट्टा निघून हातात आला. आतल्या बाजूने भेगाच भेगा होत्या. नवा चढवला, ताणला, बोल्ट आवळला. मग अंगठ्याने दाबून बघायला लावलं. अर्ध्या इंचाच्या वर दबता कामा नये. तासाभराचं काम, मला दुपार झाली. गाडी चालू केली तर नुसती घरघर. त्याचा चेहरा खुलला. मी मात्र किल्लीवर हात ठेवून तो आवाज यायची वाट बघत राहिलो.

रविवारी एकटाच गेलो. देवळापाशी गाडी वळली की सासूबाई फाटकात येऊन उभ्या राहत. त्या दिवशी फाटकात कोणी नव्हतं. लेकीशिवाय आलेली गाडी बघवणार नाही त्यांना, असं वाटून मी थोडा वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिलो. परत जावं असंही मनात आलं.

शेवटी आत गेलो. त्या धुतलेलं लुगडं नेसून दाराकडे तोंड करून बसल्या होत्या. मला बघून दचकल्या.

"आवं, कवा आलासा? सकाळधरनं कान लावून बसली व्हती मी. गाडी वरडलीच न्हाई."

पट्टा बदलला, मी सांगितलं. तिने आणून ठेवला होता, तोच घातला.

त्या बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग माझ्यासाठी पाणी आणायला उठल्या आणि माजघराच्या दारातून, मागे न बघता म्हणाल्या, "म्होरच्या बारीला देवळापाशी हॉर्न वाजवा. म्हंजी मी भाईर येती."