भावाचं गोणपाट

ऑइल मिसळलेल्या पेट्रोलचा वास आला की सोनगीरची आमची ओसरी आठवते. थोरल्या भावाला इंजिनदुरुस्ती शिकायची होती. त्यासाठी त्याने भंगारातून फवारणी पंपाचं छोटं इंजिन आणलं, ओसरीत गोणपाट अंथरून ते पार खोललं आणि एकेक भाग निघाला त्याच क्रमाने मांडून ठेवला. जोडताना शेवटच्या भागापासून मागे यायचं, एवढीच त्याची विद्या. नवा प्लग आणायला धुळ्याला निघताना मला म्हणाला, "मी येस तोवर हात नको लावजो." मी मांजरालाही तिकडे फिरकू दिलं नाही. संध्याकाळी हायवेवरून त्याला आणलं, ते चादरीत गुंडाळूनच. दुसऱ्या दिवशी माणसं दारावर, म्हणजे दुखवट्याला, भेटायला येऊ लागली. "लोके बसतीन कोठे व माय?" म्हणत शेजारच्या अक्काने ते गोणपाट चारही टोकांनी धरून उचललं. सगळे भाग खळखळत एका ढिगात गेले. तोवर मी रडले नव्हते. आजही कुणाच्या दारावर गेले, की बसण्याआधी मी जमिनीकडे बघते, माझ्यासाठी इथून काय उचललं असेल म्हणून.