पुठ्ठ्याखालचा राजा

पनवेलला स्टँडमागे फ्रेमचं दुकान टाकण्याआधी मी जुन्या दरबारी चित्रांच्या प्रती करायचो. मूळ चित्राशेजारी ठेवली तरी फरक सापडायचा नाही. पण मुंबईच्या एका गॅलरीवाल्याने पहिलंच चित्र पाहून "नक्कल आहे" म्हटलं आणि बाकीची उघडूसुद्धा दिली नाहीत. ते मी अजून विसरलेलो नाही.

म्हणून खारघरच्या चित्रकलेच्या प्राध्यापक बाई स्वतः काढलेलं तसंच चित्र फ्रेमला घेऊन आल्या, तेव्हा माझं डोकंच फिरलं. तोच दरबार, तीच कमान, तोच गालिचा. फक्त सिंहासनावर चवरी ढाळणारी दासी बसलेली आणि राजाचा पत्ता नाही.

"मॅडम, ही नक्कलच ना?"

"नाही काका. जुन्या चित्राचं हे आजचं वाचन आहे."

"मग मी करायचो ते?"

"तुम्ही त्यात बदलायचात काय?"

"काहीच नाही! त्यातच तर कसब होतं."

त्या नुसत्या हसल्या. मी रागातच कामाला लागलो. चित्रकार कडेच्या कोऱ्या पट्टीवर रंग ताडून बघतात, ब्रश पुसतात. आम्ही ती पट्टी माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याखाली दडवतो. इथेही उजव्या कडेला बोटाच्या पेराएवढा डाग होता. दडवला.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी बाई आल्या आणि ओरडल्याच. "राजा कुठाय?"

"मला काय विचारता? तुम्हीच हाकललात त्याला!"

"अहो, कडेला उभा होता! हातात चवरी घेऊन!"

तो डाग म्हणजे राजा. पुठ्ठा काढायला गेलो, तर त्यांनीच अडवलं. बराच वेळ चित्राकडे बघत राहिल्या.

"थांबा. राजा आहे, पण दिसत नाही. हे जास्त बरोबर आहे. असंच लावू. या चित्रावरच्या माझ्या लेखातही घेते."

"मग चित्राखाली माझंही नाव घाला."

"आभारात घालते ना."

"आभार नकोत. तुमच्या नावाशेजारी."

"काका, तुम्ही ते चुकून झाकलंत!"

"आणि तुम्हाला ते चुकूनच आवडलं. अर्धं-अर्धं करा."

त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. मी पुठ्ठा उचकटला, नवा कापला आणि राजा पुन्हा दिसेल असा बसवून दिला. नेमकं केलं तर नक्कल, चुकलो तर कला, आणि नाव दोन्हीकडे नाही. बाई थँक्यू म्हणून चित्र घेऊन गेल्या.

मी चूक सुधारली की चित्र बिघडवलं? भिंतीवर लागलेलं बघून कळलं असतं कदाचित. पण रागात मी प्रदर्शनाला गेलोच नाही.