तिसऱ्या ग्लासातलं पाणी

समुद्रातल्या आमच्या तराफ्यावर मोबाइलला रेंज नसते. त्या दिवशी दुपारी बोट धक्क्याला लागली आणि खिशातला फोन थरथरत राहिला... आईचे सात मिस्ड कॉल. मी लगेच फोन लावला नाही. नमुन्याच्या बाटल्या मोजून खोक्यात ठेवल्या, खोकं प्रयोगशाळेत नेलं, हात धुतले, आणि मग लावला. आई एवढंच म्हणाली, "दिगूमामा गेले गं. सकाळी, दुकानातच." दुकान म्हणजे लोहाऱ्यातली ती पत्र्याची शेड, जिथं बसून त्यांनी उभा जन्म बोअरच्या मोटारी दुरुस्त केल्या. मामांना समुद्र दाखवायचा राहून गेला, हे मला नंतर आठवलं. आधी आठवलं ते मी त्यांच्याशी बोललेलं एक खोटं.

दिगंबरमामा माझ्या आईचे थोरले चुलतभाऊ. आम्ही सोलापुरात राहायचो, मी इंग्रजी शाळेत होते, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मला लोहाऱ्याला पाठवलं जायचं. तिथली मुलं माझ्या मराठीला हसायची, म्हणून मी हळूहळू बोलणंच बंद केलं. मामांच्या शेडमध्ये बोलावं लागत नसे. ते जीपमध्ये पाइप आणि साखळ्या टाकून कुणाच्या तरी रानात निघाले की मी मागे बसायची. बोअरमधून जळकी मोटार वर ओढायची, दुरुस्त करून पुन्हा खाली सोडायची, हे काम मी तासन्‌तास बघितलं आहे. खरं बघण्यासारखं असायचं ते त्यानंतर. पाणी सुरू झालं की मामा पिशवीतून स्टीलचे तीन ग्लास काढून दगडावर ओळीनं मांडायचे. बुडाशी पंचनं मारलेले ठिपके होते, एक, दोन, तीन. पहिला ग्लास पहिल्या पाण्याचा, दुसरा अर्ध्या तासानं, तिसरा पुरता उपसा झाल्यावर. तिन्ही चाखून, थुंकून मग ते निकाल द्यायचे. पहिलं पाणी बहुतेक मचूळ निघायचं आणि मालकाचं तोंड उतरायचं. मामा म्हणायचे, "पहिल्या पाण्यावरनं बोअरला नाव ठिवायचं न्हाय. पायपात उभं ऱ्हायल्यालं असतंय ते." एकदा एका शेतकऱ्यानं माझ्याकडे बघून, ही पोरगी मुकी हाय का ओ, असं विचारलं. मामांनी मान वर न करता सांगितलं, "तिसरा गिलास हाय ती. दम धरा." माझ्याबद्दल इतकं बरं तोवर कुणी बोललं नव्हतं.

पुढे मी इंजिनिअर झाले आणि पूर्व किनाऱ्यावरच्या एका लहान कंपनीत लागले. समुद्राचं पाणी गोडं करायचे कारखाने जमिनीवर असतात. तिथं खारं पाणी पंपानं प्रचंड दाबून बारीक जाळीसारख्या पडद्यातून ढकलावं लागतं आणि त्यात भरमसाट वीज जाते. आम्ही तो पडदाच काहीशे मीटर खाली समुद्रात नेऊन ठेवतो. तिथं वरच्या पाण्याचाच दाब इतका असतो की मीठ मागे राहतं आणि गोडं पाणी आपसूक पडद्याच्या आत येतं. दर रविवारी मामांना फोन करायची माझी सवय होती. एका रविवारी हे सांगितलं तर त्यांनी ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "म्हंजे समुद्र सोताच्याच वजनानं सोताला गाळतोय. मग तुमी काय करता?" आम्ही फक्त ते पाणी पंपानं वर आणतो, मी म्हणाले. ते हसले. "म्हंजे माझंच काम की, माय."

गेल्या वर्षी आमचे नमुने खारट येऊ लागले. आम्ही बोटीनं तराफ्यावर जायचो, पंप सुरू करायचो, बाटली भरायचो, पंप बंद करून परत. प्रत्येक बाटलीत मीठ. पडदा फाटला असणार असं सगळ्यांनी धरलं. तो बदलायचा म्हणजे सगळं वर काढायचं. तेवढ्यात मोसम संपला असता आणि बहुधा आमचा प्रयोगही. मी मामांना हे सांगितलं ते सल्ला मागायला नव्हे, दुसरं काही बोलायला सुचत नव्हतं म्हणून. त्यांनी एकच विचारलं, "पहिलं पाणी खारट हाय का शेवटचं बी?" शेवटचं पाहिलंच नाही, मी म्हणाले. आम्ही कायम पहिलंच पाणी घेत होतो. ते म्हणाले, पडदा फाटला असंल तर तिन्ही गिलास खारट लागतील. पहिलाच खारट असंल तर वर येणाऱ्या पायपाचा जोड बघा. मोटार बंद असली की बाहेरचं आत झिरपतंय, चालू असली की न्हाय.

दुसऱ्या दिवशी मी तीन बाटल्या भरल्या. पहिली खारट, दुसरी कमी, तिसरी गोड. फट पाइपच्या एका जोडाला होती, पडदा शाबूत होता. बैठकीत साहेबांनी विचारलं, हे तुला सुचलं कसं? खोलीत सगळे अस्खलित इंग्रजी बोलणारे. लोहाऱ्यातले एक मोटारवाले मामा तीन ग्लास मांडून पाणी चाखतात, हे त्या भाषेत सांगायला मी तोंड उघडलं... आणि म्हणाले, कुठेतरी वाचलं होतं. त्या रविवारी मामांनी विचारलं, "मग, साहेबाला सांगितलंस का, कुणी सांगितलं ते?" मी म्हणाले, "हो, सांगितलं की. फार कौतुक केलं तुमचं."

त्यानंतर एकदा त्यांनी विचारलं, पाण्याची चव कशीय? आम्ही चाखत नाही, यंत्र आकडा दाखवतं, असं मी सांगितल्यावर म्हणाले, मग एकदा येऊन बघतो. मी आधी पावसाळ्यानंतर म्हणाले, मग दिवाळीनंतर. ते पायजमा-टोपीत धक्क्यावर उभे आहेत, सगळ्यांसमोर पाणी चाखून थुंकताहेत, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे यायचं. लाज वाटायची. हे लिहितानाही वाटते आहे, पण आता निराळी.

तेराव्याला लोहाऱ्यात पोचले तर जो तो मला त्या कौतुकाबद्दलच विचारत होता. शेजारच्या शिंप्यांनी विचारलं, तुमच्या साहेबानं आमच्या दिगंबररावांचं नाव घेतलं म्हणे. त्यांच्या लेटरहेडवर चार ओळी मिळाल्या तर फोटोशेजारी लावता येतील. मी मान हलवली. मान हलवणं मला नेहमीच सोपं गेलं आहे.

दुसऱ्या दिवशी मामी स्वयंपाकघरात ज्वारी निवडत होत्या. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही.

"त्यान्ला ठाव होतं," त्या म्हणाल्या. "फोन ठिवल्यावर म्हणले, पोरगी लई झटक्यात बोलली आज. पहिला गिलास हाय. सांगंल कवातरी."

मग गावात कुणी सांगितलं, मी विचारलं.

"म्या. त्येंनी कुणाला चकार शब्द काढला न्हाय. लोकाच्या मोटारी वडण्यात जल्म गेला त्येंचा. म्हटलं, एकदा तरी कुणी नाव घिऊ द्या." थोड्या वेळानं सूप खाली ठेवून त्या उठल्या आणि फडताळातून तीन ग्लास घेऊन आल्या. दोन माझ्यापुढे ठेवले. तिसरा, तीन ठिपक्यांचा, परत आत नेला. "सायबाला सांग. मग यिऊन ह्यो ने."

सोमवारच्या बैठकीत मी सांगितलं. मला वेळ लागला, मध्येच थांबावंही लागलं, पण तीन ग्लासांसकट सगळं सांगितलं. साहेबांनी मामांचं पूर्ण नाव विचारून अहवालात लिहून घेतलं, पत्रही देतो म्हणाले. मग विचारलं, त्यांना इथं बोलावलं का नाहीस? कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणीही हसलं नाही.

आता आम्ही दर वेळी तीन बाटल्या भरतो. यंत्राचा आकडा लिहून झाला की मी मामांच्या ग्लासांत थोडं थोडं पाणी ओतून चाखते. पुढच्या आठवड्यात पत्र घेऊन लोहाऱ्याला जायचं आहे. तोवर माझ्या टेबलावर दोनच ग्लास आहेत; शेजारी तिसऱ्यापुरती जागा मी मोकळी ठेवली आहे. मामांनी चव विचारली होती. पाणी गोड आहे, मामा... जरा सपक, पण गोड.