ताईचा अर्धाच सांगितला गेलेला धडा

ताई गेली, आणि काल तिच्याच घरात मी तिला खोटं पडू दिलं.

सुधाताई, माझी थोरली बहीण. मेडिकल कॉलेजात जन्मभर लिम्फ नोडच्या स्लाइड्स शिकवल्या. गळ्यात, काखेत असतात त्या गाठी, रोगाशी लढणाऱ्या पेशींची घरं.

आम्हा घरच्यांना मात्र ती आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागाचाच नकाशा काढून समजवायची.

"बी पेशी म्हणजे बाड्यावर, चौकात गोल करून बसलेली मंडळी. टी पेशी भोवतीच्या गल्ल्यांत, पाटणकर बाजार धरून. दोघींची वस्ती वेगळी."

काल भेटायला आलेल्या लोकांसमोर अण्णाकाका म्हणाले, "अरे भई, सुधाच सांगायची ना, शरीरातसुद्धा ज्याचा त्याचा मोहल्ला ठरलेला असतो! आणि पोरीच्या लग्नात स्वतःच विसरली."

ग्वाल्हेरची राजधानी भोपाळला गेली तेव्हापासून इथे सगळी सरमिसळ झाली, हे काकांचं जुनं दुखणं.

समोर राकेश चहाचा ट्रे घेऊन उभा होता. ताईचा जावई, मिनूचा नवरा. किल्ल्याखालच्या किला गेट वस्तीतला. मराठी नाही, आमच्या जातीचाही नाही.

शेवटच्या आजारात ताईला उचलून बाथरूमला नेणारा तोच.

तो एवढंच म्हणाला, "अण्णाजी, चीनी कम है, चलेगी?"

लोक हसले.

मीही.

कॉन्व्हेंटात सिस्टर ओरडायच्या, "स्पीक अप, गर्ल!" साठी उलटली, अजून जमत नाही.

पुढचा धडा मला पाठ होता. मिनूच्या लग्नाच्या वेळी काकांनी हेच काढलं, तेव्हा ताईने सुनावलं होतं,

"काका, तुम्ही वर्गातून मधेच उठून गेलात! इन्फेक्शन आलं की दोघी आपापली गल्ली सोडतात. वेशीवर भेटतात. टी पेशीने हात दिल्याशिवाय बी पेशीला पक्की अँटिबॉडी जमत नाही. गाठ सुजते ना, ती ह्याच लगबगीने. लग्नघर समजा."

काल हे मी म्हणायला हवं होतं.

मिनू स्वयंपाकघरात होती. भांड्यांचा आवाज थांबला होता. आईच्या बाजूने मावशी बोलेल, म्हणून ती थांबली होती.

मग भांडी पुन्हा वाजायला लागली.

काका, तुम्हीही फेसबुकवर आहात. वाचाल. खुशाल रागवा.

राकेश, तुला मराठी वाचता येत नाही, मिनू वाचून दाखवेल. बेटा, मला माफ कर. उद्या तेराव्याला तू वाढायचं नाहीस. पहिल्या पंगतीत माझ्या शेजारी बसायचं.

उरलेला धडा मी तिथेच सांगणार आहे. सगळ्यांसमोर, तुला कळेल अशा हिंदीत.

ताई, नीट जा.