अण्णांचा रोटर

निवृत्त होईपर्यंत मी एका विमा कंपनीत गाड्यांचे क्लेम तपासत होते. ‘मॅडम, गाडी जागेवर उभी होती आणि आपोआप ठोकली गेली’ असं शपथेवर सांगणारी माणसं आयुष्यभर ऐकली. त्यामुळे या सदरातले गूढ अनुभव मी चहाबरोबर करमणूक म्हणून वाचते, हे आधीच सांगून टाकते. विश्वास-बिश्वास नाही... आजही नाही. पण माझ्याच घरातला एक प्रकार मला नाकारता येत नाहीये आणि ते मला अजिबात आवडलेलं नाही.

आम्ही विश्रांतवाडीत राहतो, आळंदी रस्त्यापासून थोडं आत. पुढे बंद पडलेली बेकरी, मागे घर आणि मध्ये पत्र्याची शेड. बेकरी माझ्या सासऱ्यांची — त्यांना सगळे अण्णा म्हणत. शेडमधली जुनी पेट्रोल पिकअपही त्यांचीच. तिच्यात पाव-खारीचे ट्रे भरून ते रोज पहाटे दुकानांना माल पोचवायचे.

माझा नवरा सुनील कॉलेजात असताना ती गाडी न विचारता घेऊन मित्रांबरोबर कात्रजच्या घाटात गेला आणि पुढचा मडगार्ड कठड्याला घासून परत आला. दुसऱ्या दिवशी कुठल्याच दुकानात पाव पोचला नाही. अण्णा एक शब्द बोलले नाहीत. पण त्या संध्याकाळपासून ते रोज बॉनेट उघडून डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढायचे आणि आतला रोटर काढून घ्यायचे. रोटर म्हणजे बेकलाइटचा मोठ्या सुपारीएवढा तुकडा. तो फिरतो म्हणून प्लगला ठिणगी मिळते. तो नसेल तर गाडी म्हणजे नुसतं लोखंड.

“चोरांचा काय भरवसा,” असं अण्णा लोकांना सांगायचे. चोर कोण, हे सुनीलला ठाऊक होतं. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, केस पिकले, तरी रोटर काढणं थांबलं नाही. तो ठेवायचे कुठे, हे सासूबाईंनाही कधी कळलं नाही.

मग एका पहाटे अण्णांच्या छातीत कळ आली. घरात दुसरी गाडी म्हणजे माझी स्कूटी. सुनील रोटर शोधत घरभर धावत होता आणि अण्णा तो कुठे आहे ते सांगायच्या अवस्थेत नव्हते. शेवटी रिक्षा मिळाली. ते दवाखान्यात पोचलेच नाहीत. सुनील या विषयावर आजही बोलत नाही.

नंतर आम्ही सगळं धुंडाळलं. बेकरीच्या काउंटरचा गल्ला मी स्वतः रिकामा केला: चिल्लर, रबरबँड, उदबत्तीचा पुडा. कुलूप लावून किल्ली माझ्या जुडग्यात टाकली. रोटर मिळाला नाही, गाडी जागेवरच राहिली.

सुनील निवृत्त झाला आणि त्याने ती दुरुस्त करायला घेतली. बॉडी झाली, ब्रेक झाले, वायरिंग झालं... घोडं अडलं रोटरपाशी. बाजारातला डुप्लिकेट सैल बसायचा, गाडी खोकून बंद पडायची. त्याला ओरिजिनलच हवा होता. मी म्हटलं, “विकून टाक. एखाद्या ढाब्यापुढे शोभेल. तूही बस शेजारी.” तो हसला नाही.

नाना पेठेत रफीकभाईंचं जुन्या सुट्या भागांचं दुकान आहे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मला म्हणाले, “ताई, साहेबांना समजवा. हा माल आता वरतीच मिळतो.” तरी महिन्याभराने त्यांचाच फोन आला — गोदामात एक जुना डबा सापडलाय, या.

त्यातला रोटर नेमका बसला आणि गाडी सुरू झाली. आम्ही शेडमध्ये धुरात उभे होतो. माझे डोळे धुराने चुरचुरत होते. त्याचे कशाने ते विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी सुरू होईना. झाकण उघडलं तर रोटर गायब. म्हणजे चोराने अख्खी गाडी सोडून सुपारीएवढा तुकडा नेला आणि जाताना झाकणाच्या दोन्ही क्लिपा नीट लावून गेला! असा क्लेम माझ्या टेबलावर आला असता तर मी त्या माणसाला चहासुद्धा विचारला नसता.

सुनीलने शेडमध्ये कॅमेरा बसवला. दुसरा रोटर त्याच्या जुन्या गाड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या कोल्हापूरच्या एका गृहस्थांनी पाठवला. तो लावून, गाडी चालू करून बघून, सुनील भाचीच्या साखरपुड्याला सोलापूरला गेला. परत आला तर पुन्हा तेच. कॅमेऱ्याचं सगळं रेकॉर्डिंग पाहिलं. त्यात दिसलं काय? शेजारचं मांजर आणि मी.

“तू शेडमध्ये गेली होतीस?”

“झाडांना पाणी घालायला. पाइप तिथेच असतो. दिसतंय की त्यात.”

“हं.” रेकॉर्डिंग बंद करून म्हणाला, “तुला ही गाडी पहिल्यापासून नकोच होती ना.”

संशय घेणं हे माझं काम होतं. माझ्यावर कुणी घेतला नव्हता. फार वाईट वाटलं. पुढचे काही दिवस आम्ही दूधवाला आला का आणि गॅस बंद केलास का, एवढंच बोललो.

मला राग आला की मी साफसफाई काढते. त्या रविवारी बेकरीच झाडायला काढली. गल्ला पुसायचा म्हणून किल्ली लावली तर फिरेना. नाइलाजाने सुनीलला हाक मारली. कुलूप आतून गंजून गेलं होतं. त्याने तेल सोडलं, हातोडीने ठोकलं, दोन्ही हात गंजाने माखले, तेव्हा कुठे ते उघडलं.

गल्ल्यात तीन रोटर होते.

एक नाना पेठेतला, एक कोल्हापूरचा. तिसऱ्याच्या कडेला लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. सासूबाईंची नेलपॉलिश घेऊन अण्णा आपल्या प्रत्येक पान्यावर, पक्कडीवर असा ठिपका लावायचे, कामगारांच्या हत्यारांत मिसळू नयेत म्हणून.

सुनीलने कुलपाकडे पाहिलं, स्वतःच्या हातांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. “चुकलं माझं,” म्हणाला.

सवयीने मी सगळं तपासलं. दुसरी किल्ली नाही. गल्ल्याला मागून फट नाही. रेकॉर्डिंग मध्येच तुटलेलं नाही. तपासायचं काही शिल्लक नाही आणि उत्तरही नाही.

सुनीलने ठिपक्याचा रोटर बसवला, बाकीचे दोन हत्यारांच्या पेटीत टाकले. त्या दिवसापासून संध्याकाळ झाली की तो स्वतःच रोटर काढायचा, गल्ल्यात ठेवायचा आणि किल्ली मला आणून द्यायचा. मी एकदाही चेष्टा केली नाही, यावरून काय ते समजा. पुन्हा काही हरवलं नाही.

गेल्या महिन्यात आम्ही पिकअप घेऊन कात्रजच्या घाटात गेलो. तो इतक्या हळू चालवत होता की मागचे हॉर्न वाजवून थकले. गाडीला ओरखडाही न पडता परत आलो तर दारात मुलगी आलेली. गप्पा, जेवण... रोटर काढायचा राहिला.

सकाळी चहा पिता पिता त्याला आठवलं. कप तसाच ठेवून तो शेडकडे गेला, मी मागोमाग. त्याने बॉनेट उघडलं. झाकणाच्या क्लिपा सोडल्या.

रोटर जागेवर होता.

त्याने झाकण परत बसवलं, क्लिपा लावल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “राहू दिला त्यांनी.” आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्याला अण्णांसाठी रडताना पाहिलं.

आता तो रोटर काढत नाही. गल्ल्याची किल्ली अजून माझ्याकडे आहे. झाडांना पाणी घालून झालं की मी गल्ला उघडून बघते. रिकामा असतो.