एकच गोष्ट उलटी करा

"मॅडम, आता ही कहाणी भिंतीवरून काढून काय उपयोग? ज्यांनी वाचायला नको होती, त्यांनी वाचली."

रुचीचे वडील प्रिन्सिपल मॅडमच्या ऑफिसात खुर्चीच्या अगदी कडेला बसून बोलत होते. आवाज चढलेला नव्हता. लखनौत माणूस रागावला की अधिकच अदबीने बोलतो, आणि त्यामुळे समोरच्याला जास्त घाम फुटतो. मला फुटला होता. रुची माझी अकरावीची विद्यार्थिनी, आणि ती कहाणी लिहायला सांगितली होती मी.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. ह्यांची बँकेत बदली झाली म्हणून आम्ही नागपूरहून लखनौला आलो आणि निशातगंजजवळच्या मुलींच्या एका शाळेत मी हिंदी शिकवायला लागले. मराठी बाई लखनौत हिंदी शिकवते, हे ऐकून लोक आधी हसायचे आणि मग माझे उच्चार तपासायचे. त्याची सवय झाली. सवय होत नव्हती ती मुलींच्या 'कहानी-लेखना'ची. परीक्षेत हा प्रश्न हमखास असायचा आणि मुली गाइडमधून पाठ करून यायच्या. वर्गातल्या झाडून सगळ्या मुलींना रस्त्यात पाकीट सापडायचं, सगळ्या ते परत करायच्या, आणि शेवटी 'इस कहानी से हमें यह शिक्षा मिलती है' आलंच. एका संध्याकाळी तपासता तपासता मी ह्यांना म्हटलं, "आता एखादीने पाकीट ढापलं तर मी तिला पैकीच्या पैकी देईन."

मग मी वर्गात एक नियम काढला. घरात खरोखर घडलेला प्रसंग घ्या. माणसांची नावं बदला. बाकी सगळं जसंच्या तसं लिहा, फक्त एकच गोष्ट उलटी करा. एकच. कहाणी रचायची म्हणजे सगळंच आकाशातून आणायचं नसतं, एवढं मुलींना कळावं, हा हेतू. त्यांना ते इतकं पटलं की पाकिटं बंद झाली. त्यातल्या चांगल्या कहाण्या मी भित्तिपत्रिकेवर लावल्या. भित्तिपत्रिका म्हणजे कॉरिडॉरमधला फळा, त्यावर मुलींनी लिहिलेले कागद टाचणीने टोचलेले असतात. येता-जाता सगळी शाळा वाचते.

रुचीने लिहिलं होतं, मोठ्या बहिणीला बघायला आलेल्या पाहुण्यांबद्दल. फार छान लिहिलं होतं. समोसे दुकानातून आणले आणि आईने ते घरी केल्याचं सांगितलं. मुलाचं बिस्किट चहात पडलं आणि त्याने कुणी बघत नाहीसं पाहून ते चमच्याने काढून खाल्लं. मुलाची आई तीनदा म्हणाली, "बेटे को दफ़्तर आने-जाने में बड़ी दिक़्क़त होती है।" परगावच्या वाचकांसाठी सांगते, तिथे सभ्य घरात कुणी स्कूटर मागत नाही. दिक्कत सांगतात. ज्याने समजायचं तो समजतो. आणि शेवटी चहाचा ट्रे उचलता उचलता बहीण सगळ्यांसमोर म्हणते, "मुझे यह रिश्ता मंज़ूर नहीं।"

अडचण अशी झाली की रुचीच्या बहिणीला, सुधाला, खरोखरच बघून गेले होते. पसंतीही झाली होती. गोदभराई, म्हणजे तिकडचा साखरपुडा, पुढच्या महिन्यात ठरलेली, अमीनाबादच्या बाजारातून कपडे आणून झालेले. आणि त्या मुलाची धाकटी बहीण नीलम रुचीच्याच वर्गात शिकत होती. तिने फळ्यावर कहाणी वाचली आणि घरी जाऊन आईला सांगितली. आईने निरोप पाठवला की मुलीच्या मनात नसेल तर आम्हाला जबरदस्ती करायची नाही, रिश्ता इथेच थांबवू.

"ठरलेलं मोडलं तर उद्या सुधाला कोण विचारेल?" वडील म्हणाले. "आणि तसं झालं तर रुचीही घरीच बसेल. इतकं लिहिता येतंय तेवढं पुरे."

प्रिन्सिपल मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आपने शुरू किया है, आप ही सँभालिए।"

मी रुचीला स्टाफरूममध्ये बोलावलं. रडून तिचे डोळे सुजले होते.

"तू उलटं काय केलंस?"

"मॅम, दीदी ने हाँ कही थी। मैंने ना कर दिया। बस।"

"नक्की? आणखी काही नाही?"

"आपने एक ही बोला था।"

हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे कहाणी खोटी होती आणि मी ते छातीठोकपणे सांगू शकत होते. शाळा सुटल्यावर टेम्पोत, म्हणजे तिथल्या शेअर रिक्षात, बसून मी इंदिरानगरला नीलमच्या घरी गेले.

नीलमची आई चाळीस-पंचेचाळिशीची, ठसठशीत बाई. पाणी आलं, बर्फी आली, मी नाही नाही म्हणताना चहा आला. ती सारखी उठून आत जात होती, कारण आतून कुणी ना कुणी तिला हाक मारत होतं. मी तिला वर्गातला नियम समजावून सांगितला. तिने शांतपणे ऐकलं.

"बहनजी, समोसे दुकानाचे होते, आम्हाला चव कळली होती. बिस्किट पडलं होतं, मी पाहिलं होतं. आमच्या दिक्कतीची गोष्टसुद्धा…" इथे ती जरा थांबली. "तीही झाली होती. एवढं सगळं सच आहे, मग एक तेवढंच झूठ कसं?"

आली का पंचाईत! कहाणी लिहायला शिकवणारा कुणीही हा प्रश्न ऐकून खूश व्हायला हवा. बाकीचं खरं असल्यामुळेच खोटं खपतं, हाच तर सगळा धडा. पण ज्या बाईच्या घरचं लग्न मोडायला आलंय, तिला हे सिद्धांत म्हणून सांगण्यात काय अर्थ? मी दोनदा वेगवेगळ्या शब्दांत सांगून पाहिलं. ती अदबीने मान हलवत होती आणि तिला एक अक्षर पटत नव्हतं.

दाराशी नीलम उभी होती. तिच्याकडे पाहून मला आठवलं की हाच स्वाध्याय तिनेही केला होता. तिची कहाणी चांगली होती, पण फळ्यावर जागा संपली म्हणून लागली नव्हती.

"नीलम, तू काय लिहिलं होतंस? आईला सांगशील? नको वाटलं तर राहू दे."

ती चुन्नीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "बताती हूँ।"

तिने सांगायला सुरुवात केली. रात्रीचं जेवण. तव्यावरून एकेक रोटी उतरतेय. पापा टीव्हीचा आवाज वाढवतात. दादी म्हणते, रोटी कडक झाली, माझ्या दातांचा कुणी विचार करत नाही. भैया न बघता हात पुढे करतो, "एक और।" नीलमची आई हसायला लागली. "अरे, बिल्कुल यही होता है हमारे यहाँ! अम्माजी अगदी अस्संच म्हणतात."

"फिर?" मी विचारलं.

"फिर…" नीलम जमिनीकडे बघत म्हणाली, "मम्मी सबसे पहले बैठ जाती हैं। गरम रोटी पर घी लगाकर खाती हैं। और सब लोग बैठे रहते हैं, जब तक उनका पेट नहीं भर जाता।"

नीलमच्या आईचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं होतं, पण डोळे भरून आले होते. तिने पदर सावरला, उगाचच माझी रिकामी बशी सरकवली. चार भिंतींतलं असं सांगायला लावून मी फार पुढे गेले की काय, असं वाटून गेलं.

"ऐसा तो कभी…" ती म्हणाली आणि थांबली. मग मुलीकडे बघून म्हणाली, "बाकी सब सच है।"

"हो," मी म्हटलं. "रुचीचंही तसंच आहे."

आतून पुन्हा हाक आली. ह्या वेळी ती उठली नाही.

"सुधाने खरंच हो म्हटलं होतं? तिने स्वतः?"

"रुची तसं सांगते. मी सुधाशी बोललेले नाही."

"म्हणजे तिला कुणीच विचारलेलं नाही," ती म्हणाली. "कल मैं पूछूँगी।"

मुलाच्या आईने मुलीच्या घरी जाऊन, सगळ्यांना बाहेर बसवून, मुलीला विचारायचं, ही तिथली रीत नव्हे. पण ती गेली. दुसऱ्या दिवशी सुधाशी तिचं काय बोलणं झालं ते मला पुढे सुधानेच सांगितलं. सुधा तिला म्हणाली, "आंटी, सबके सामने मैंने हाँ ही कही थी। पर उसके पहले रसोई में मम्मी से ना कही थी।" मुलगा तिला आवडला होता. बिस्किटाचा तो प्रकार तर फारच आवडला होता. पण पाहुणे बाहेर बसलेले असताना वडिलांनी स्वयंपाकघरात येऊन हलक्या आवाजात विचारलं होतं की स्कूटरचं कसं जमवायचं, आणि तिला ते सहन झालं नव्हतं. आईने हात जोडले म्हणून ती ट्रे घेऊन बाहेर गेली.

म्हणजे मी आदल्या दिवशी ठामपणे जे सांगून आले होते, ते अर्धंच खरं होतं.

नीलमच्या आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमची दिक्कत आम्ही बघू. त्याची गोष्ट पुन्हा निघणार नाही. आता सांग."

"तो फिर हाँ," सुधा म्हणाली.

गोदभराई ठरल्या दिवशी झाली. लग्नही झालं, आणि आम्ही दोघं जाऊन पोटभर जेवून आलो. रुची शाळेत राहिली. मी तिला एकदा बाजूला घेऊन विचारलं, "रसोईतलं तुला माहीत होतं?"

"माहीत होतं, मॅम. पण ते लिहिलं असतं तर सच झालं असतं. आपने उलटा करने को कहा था।"

मी तिला दहापैकी सात दिले होते. वाढवून नऊ करावेत असं फार वाटलं, पण मार्क रजिस्टरात चढले होते. प्रिन्सिपल मॅडमनी एवढंच सांगितलं की ह्यापुढे भित्तिपत्रिकेवर लागणारा प्रत्येक कागद आधी त्या बघतील. दोन महिने त्यांनी बघितले, मग कंटाळल्या.

नियम मी बदलला नाही. पुढची सगळी वर्षं तोच स्वाध्याय दिला. फक्त देताना एक वाक्य वाढवलं, आणि नवीन शिक्षिकांनाही तेच सांगत आले: ज्यांच्यावर लिहाल ती माणसं हे वाचणार आहेत असं धरून लिहा, आणि मुलीने काय उलटं केलंय हे तिच्या बाईंना कळलंय असं बाईंनी कधीही धरून चालू नये.